जैनथचे देऊळ आणि त्याचा शिलालेख

आदिलाबादेहून सुमारे वीस किलोमीटरांवर, पैनगंगेच्या दक्षिणेस जैनथ नावाचे गाव आहे. तेथील लक्ष्मीनारायणाचे काळ्या दगडाचे देऊळ या जिल्ह्यातील जुन्या वास्तूंत पहिल्या प्रतीचे मानावे लागते. कार्तिक शुद्ध अष्टमीपासून वद्य सप्तमीपर्यंत तेथे ब्रह्मोत्सव भरतो. त्या पंधरवड्यात तेलुगू, मराठी आणि गोंडी या तिन्ही भाषा देवळाच्या आवारात सारख्याच मोकळेपणाने कानी पडतात. १९५६ साली भाषावार प्रांतरचना झाली, जिल्ह्याचे किनवट व राजुरा हे भाग तेव्हाच्या द्विभाषिक मुंबई राज्याकडे गेले, आणि पैनगंगा ही राज्यांची सीमा ठरली. परंतु यात्रेकरूंनी ती सीमा कधी मनावर घेतली असे दिसत नाही.

या देवळाविषयी मराठीत फारसे लिहिले गेलेले नाही. जे थोडे छापलेले आढळते ते बहुतेक एकाच मजकुराची पुनरावृत्ती असते. जिल्ह्याची ओळख करून देणाऱ्या सरकारी माहितीत असे सांगितलेले असते, की देवळात प्राकृत भाषेतील वीस श्लोकांचा शिलालेख आहे, त्यावरून हे देऊळ एका पल्लव सरदाराने बांधल्याचे दिसते, आणि देवळाच्या बांधणीत जैन मंदिराची सर्व लक्षणे असल्यामुळे गावास जैनथ हे नाव पडले. शाळांच्या सहलींच्या पुस्तिका, वृत्तपत्रांतील सणावाराचे लेख आणि प्रवासी मार्गदर्शिका यांतून हीच वाक्ये फिरत असतात. भाषा, राजवंश आणि धर्म यांविषयीच्या या तिन्ही विधानांना आधार शोधू गेल्यास तो सापडत नाही. आणि विशेष खेदाची गोष्ट ही, की खरा आधार दुर्मिळ नाही, तो छापलेला आहे.

जैनथचा लेख ‘एपिग्राफिया इंडिका’च्या बाविसाव्या खंडात, म्हणजे १९३३-३४ च्या सुमारास, प्रसिद्ध झाला. त्या काळी हा प्रदेश निजामाच्या राज्यात होता. तेथे १९१४ साली पुरातत्त्व खाते स्थापन झाले होते आणि गुलाम याझदानी हे त्याचे पहिले संचालक होते. अजिंठ्याच्या चित्रांवरील त्यांच्या ग्रंथांमुळे त्यांचे नाव सर्वत्र झाले, परंतु राज्याच्या कानाकोपऱ्यांतील देवळे, किल्ले आणि लेख यांची जी नोंद त्यांच्या खात्याने केली तिचे ऋण आपण पुरेसे मानलेले नाही. जैनथचा लेख अभ्यासकांच्या नजरेस आला तो याच काळात. लेख संस्कृतात आहे, नागरी लिपीत आहे, आणि त्याचा विषय माळव्याच्या परमार कुळातील जगद्देव हा राजा व त्याच्या पदरचा एक मानकरी हा आहे.

जगद्देव हा उदयादित्याचा मुलगा आणि विख्यात भोजराजाचा पुतण्या. भोजाच्या मृत्यूनंतर धारेचे राज्य शत्रूंच्या लाटेखाली बुडाले, आणि ते ज्याने पुन्हा वर काढले तो उदयादित्य. विदिशेजवळच्या उदयपूर येथील उदयेश्वराचे अप्रतिम देऊळ त्याचेच. त्याच्यामागून लक्ष्मदेव आणि नरवर्मन् हे दोन पुत्र क्रमाने गादीवर आले. नागपूरच्या संग्रहालयातील विक्रम संवत् ११६१, म्हणजे इ. स. ११०४-०५ ची प्रशस्ती ही याच नरवर्मन्‌च्या काळची आहे. तिसरा जगद्देव. त्याच्याविषयी अधिक माहिती यवतमाळ जिल्ह्यातील डोंगरगावच्या लेखातून मिळते. शके १०३४, म्हणजे इ. स. १११२ चा हा लेख महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी संपादून प्रसिद्ध केला. पुत्र असतानाही उदयादित्याने शिवाची आराधना करून आणखी एक पुत्र मागून घेतला तो जगद्देव, पुढे स्वतः चालून आलेली राज्यलक्ष्मी त्याने वडील भावासाठी सोडली, आणि कुंतलाच्या अधिपतीने त्याला आपल्या पुत्रांतील पहिला मानून जवळ केले, असा त्या लेखाचा आशय आहे. हा कुंतलाधिपती म्हणजे कल्याणीचा चालुक्य सहावा विक्रमादित्य (१०७६ ते ११२६). मेरुतुंगाच्या ‘प्रबंधचिंतामणी’त जगद्देव सिद्धराजाची सभा सोडून परमर्दी राजाकडे गेल्याची कथा आहे. परमर्दी, म्हणजे पेर्माडी, हे विक्रमादित्याचेच उपनाम असल्यामुळे कथा आणि शिलालेख एकमेकांस दुजोरा देतात. गुजरातेत व राजस्थानात जगदेव परमार हा दानशूर वीर म्हणून लोककथेत जाऊन बसला. वऱ्हाडात आणि आदिलाबादेत मात्र, जेथे त्याने प्रत्यक्ष राज्य केले, तेथे त्याचे नाव कोणास ठाऊक नाही. कीर्ती कोठे रुजेल याचा काही नेम नसतो.

नागपूर, डोंगरगाव आणि जैनथ हे तीन लेख नकाशावर मांडले, म्हणजे इ. स. ११०० च्या आसपास वऱ्हाडपासून पैनगंगेच्या दक्षिणेपर्यंतचा मुलूख परमार घराण्याशी कसा बांधलेला होता हे एका दृष्टिक्षेपात कळते. चालुक्यांनी आपल्या उत्तर सीमेवर हा माळव्याचा राजपुत्र नेऊन बसविला, असेच बहुधा घडले असावे.

लेखात जगद्देवाच्या पराक्रमाची वर्णने आहेत. आंध्रांचा राजा, चक्रदुर्गाचा अधिपती, दोरसमुद्राचे होयसळ, अबूच्या परिसरातील जयसिंहाचे गुर्जर आणि कर्ण नावाचा राजा, अशी जिंकलेल्यांची यादी कवीने दिली आहे. चक्रदुर्ग म्हणजे बस्तरचे चक्रकूट असे मानतात. प्रशस्ती वाचताना सावधगिरी बाळगावी लागते, आणि येथे तर तिचे कारण लेखी उपलब्ध आहे. दोरसमुद्रावरील स्वारीविषयी होयसळांचे लेख नेमके उलट सांगतात: त्यांच्या मते जगद्देवाचे सैन्य बल्लाळ आणि विष्णुवर्धन या भावांनी उधळून लावले आणि त्याचा खजिना हस्तगत केला. हा जगद्देव आमचा नव्हे, सांतर कुळातला, असेही काही अभ्यासकांनी म्हटले आहे. परंतु स्वारी चालुक्य सम्राटाच्या वतीने झालेली होती आणि जैनथचा लेख तिचा स्पष्ट उल्लेख करतो, हे ध्यानी घेता तो परमार जगद्देवच असावा असे आम्हांस वाटते. दोन्ही पक्षांनी विजय नोंदविला एवढ्यावरून लढाई झाली होती इतके तरी निश्चित होते.

मात्र देवळाच्या दृष्टीने लेखाचा महत्त्वाचा भाग राजाच्या स्तुतीपुढे येतो. जगद्देवाच्या पदरी दाहिमा कुळातील लोलार्क नावाचा एक अधिकारी होता. त्याच्या पत्नीचे नाव पद्मावती. तिने निंबादित्याचे मंदिर बांधविले, असे लेख सांगतो. म्हणजे देऊळ राजाचे नव्हे, सरदाराचेही नव्हे. ते एका स्त्रीने उभारलेले आहे. मध्ययुगीन दानलेखांत राण्यांची नावे येतात, परंतु अधिकाऱ्याच्या पत्नीचे नाव वास्तूची कर्ती म्हणून येणे एवढे सामान्य नाही. जैनथला जाणाऱ्या हजारो भाविक स्त्रियांपैकी एकीलाही पद्मावतीचे नाव कोणी सांगत नाही. तिच्या जागी एका अनाम ‘पल्लव सरदारा’ची स्थापना करून ठेवलेली आहे.

हा पल्लव तेथे आला कोठून, हे सांगणे कठीण आहे. ‘परमार’ या अपरिचित नावाच्या जागी कोणा कारकुनाच्या लेखणीतून दक्षिणेत परिचित असलेले ‘पल्लव’ उतरले असेल, असा आमचा तर्क आहे. तर्कापेक्षा त्याची योग्यता अधिक नाही. परंतु विधान संभवनीय नाही हे दाखविण्यास फार विद्वत्ता लागत नाही. पल्लवांचे प्राकृत लेख आहेत खरे, पण ते त्यांच्या अगदी आरंभीच्या काळातले, तिसऱ्या-चौथ्या शतकांतले आहेत. जैनथचा लेख पल्लवांचा आणि प्राकृत मानला तर हे देऊळ सोळाशे-सतराशे वर्षांपूर्वीचे ठरेल, आणि त्या काळी दख्खनमध्ये अशा घडणीची दगडी देवळे बांधलीच जात नव्हती. कांचीच्या मुख्य पल्लव घराण्याची सत्ता नवव्या शतकाच्या अखेरीस संपली. जगद्देवाच्या वेळी तिला दोनशे वर्षे होऊन गेली होती.

जैन लक्षणांची गोष्टही तशीच. अकराव्या-बाराव्या शतकांत जैन देऊळ, शिवाचे देऊळ आणि विष्णूचे देऊळ यांच्या बांधणीत घराण्याघराण्यांचा आणि प्रदेशाप्रदेशांचा फरक असे, पंथाचा क्वचितच. सूत्रधार तोच, दगड तोच, जोत्याचे थर तेच, स्तंभांची घडण तीच. पंथ ओळखावा लागतो तो गाभाऱ्यातील मूर्तीवरून, द्वारशाखेवरील ललाटबिंबावरून आणि भिंतीवरील देवकोष्ठांतून. तेव्हा ‘जैन मंदिराची सर्व लक्षणे’ ही शब्दयोजना काहीच सांगत नाही. गावाचे नाव जैनथ आहे म्हणून देऊळ जैन, आणि देऊळ जैन आहे म्हणून गावाचे नाव जैनथ, असे हे वर्तुळ आहे. या भागात जैन धर्माचा प्रसार नव्हता असे आमचे म्हणणे नाही; तो होता. परंतु या देवळाचा पुरावा त्याकामी वापरता येत नाही.

अर्थात अशा नामकरणात आपण मराठी लोक तेलंगणातील बांधवांच्या मागे आहोत असे नाही. पैनगंगेच्या उत्तरेस प्रत्येक चुनाविरहित दगडी देऊळ ‘हेमाडपंती’ असते. हेमाद्री हा यादव महादेव आणि रामचंद्र यांचा मंत्री. त्याचा काळ तेराव्या शतकाचा उत्तरार्ध. अंबरनाथचे देऊळ शके ९८२ चे, म्हणजे इ. स. १०६० चे, ते हेमाद्रीच्या जन्मापूर्वी दीडदोनशे वर्षे उभे होते, तरी आमच्या तोंडी हेमाडपंतीच. सोयीचे नाव एकदा चिकटले की त्याखालचा इतिहास दिसेनासा होतो.

आता एक प्रश्न उरतो आणि तो टाळता येण्यासारखा नाही. लेख आदित्याच्या मंदिराचा आहे. गाभाऱ्यात आज लक्ष्मीनारायण आहे. मग लेख दुसऱ्या एखाद्या नष्ट झालेल्या देवळाचा येथे आणून ठेवला, की याच देवळात देव पालटला? शिलाखंड हलविले जातात हे खरे असल्यामुळे पहिली शक्यता सर्वस्वी नाकारता येत नाही. तरी आमचा कल दुसरीकडे आहे. परमारांच्या राज्यात सूर्योपासना बलवान होती; विदिशेचा भाइल्लस्वामी हा सूर्यदेव प्रसिद्धच आहे. लोलार्क हे नावच सूर्याचे आहे. काशीच्या लोलार्ककुंडावर आजही भाद्रपदात यात्रा भरते. सूर्याची स्वतंत्र उपासना तेराव्या शतकानंतर मंदावली आणि ठिकठिकाणचे आदित्य हे सूर्यनारायण व पुढे नुसते नारायण झाले. दोन्ही हातांत कमळे धरून उभा असलेला सूर्य आणि शंखचक्रधारी विष्णू यांत सामान्य भक्ताने अंतर मानले नाही, तर त्यात आश्चर्य नाही.

आणि जैनथमध्ये एक गोष्ट अशी आहे, की तीत जुन्या देवाची आठवण राहून गेली असावी असे वाटते. आश्विनातील काही सकाळी उगवत्या सूर्याचे किरण देवाच्या पायांवर पडतात, आणि ते पाहावयास लोक लोटतात. कोल्हापूरच्या अंबाबाईच्या किरणोत्सवामुळे मराठी वाचकास हा प्रकार परिचित आहे. यात चमत्कार नाही, पण कौशल्य पुष्कळ आहे. ऑक्टोबरच्या मध्यास सूर्य नेमका पूर्वेस न उगवता किंचित दक्षिणेकडे सरकून उगवतो. देवळाचा आस त्या दिशेस साधलेला असला आणि पुढचा मार्ग मोकळा असला की किरण मंडपातून थेट गाभाऱ्यात जातो. सूर्य त्याच बिंदूवर वर्षातून दोनदा येतो. म्हणून जो किरण ऑक्टोबरच्या मध्यास येतो तो फेब्रुवारीच्या अखेरीसही यावयास पाहिजे, आणि चांद्र तिथी सौर तारखेशी जुळत नसल्यामुळे दरसाल त्याची तिथी पुढेमागे व्हावयास पाहिजे. उत्सव एकदाच होतो, परंतु फाल्गुनाच्या सुमारासही पहाटे कोणी जाऊन पाहिल्यास आसाची दिशा अंशांत मोजता येईल. आमच्या शाळेतील वरच्या वर्गांना होकायंत्र आणि पंचांग घेऊन करता येण्याजोगे हे काम आहे. सूर्याचे मंदिर होते की नव्हते या प्रश्नास त्याने निर्णायक उत्तर मिळणार नाही, पण वजन एका पारड्यात पडेल.

किरणाचा हा मुद्दा आम्ही विस्ताराने मांडला त्यास कारण आहे. देवळाचा जीर्णोद्धार म्हटला म्हणजे आपल्याकडे सर्वप्रथम सुचते ते पुढे एक मोठा सभामंडप घालणे किंवा गोपूर उभारणे. पूर्वेस कोणतेही उंच बांधकाम झाले की किरण बंद. नऊशे वर्षांपूर्वीच्या सूत्रधाराने जी दिशा साधली ती एका छपराने पुसली जाईल, आणि पुसणाऱ्यास आपण काय केले याची जाणीवही असणार नाही.

जुन्या वास्तूचे काय करावे, या प्रश्नाचा ऊहापोह युरोपात फार कडाक्याने झाला आहे, आणि तो आमच्या प्रश्नास लावून पाहणे उपयुक्त आहे. काळाचा योगायोगही मनोरंजक आहे. पद्मावतीचे पाथरवट दगड घडवीत होते जवळजवळ त्याच सुमारास इंग्लंडात डरहॅमच्या प्रधान चर्चचे काम चालू होते. त्याचा पाया १०९३ साली घातला गेला आणि तेथे कमानींच्या फासळ्यांवर छत तोलण्याची युक्ती आकारास येत होती. तिच्यातूनच पॅरिसजवळ सेंट डेनिसच्या चर्चमध्ये ११४४ साली गॉथिक शैली पूर्णत्वास आली, आणि ११६३ च्या सुमारास नोत्र दामचा आरंभ झाला. आमच्या राज्यात या शैलीचे दर्शन घ्यावयाचे तर मेदक येथे जावे. तेथील गॉथिक धाटणीचे चर्च पॉस्नेट नावाच्या मिशनऱ्याने दुष्काळाच्या दिवसांत लोकांस काम आणि अन्न देत बांधविले आणि २५ डिसेंबर १९२४ रोजी ते उपासनेस खुले झाले.

दोन पद्धतींचा मूळ भेद वजन वाहण्याच्या रीतीत आहे. गॉथिक वास्तूतील टोकदार कमानी वजन खाली नेतात तशाच बाहेरही ढकलतात. तो बाहेरचा रेटा अडविण्यासाठी भिंतींना बाहेरून अधांतरी टेकू दिलेले असतात. सारी इमारत म्हणजे ताणलेले धनुष्य असते. हिशेब चुकला तर काय होते हे बोव्हेच्या चर्चने दाखविले: १२८४ साली त्याचे छत कोसळले, आणि १५७३ साली त्याचा गगनचुंबी मनोराही. आमच्या देवळात धनुष्य नाही, उतरंड आहे. खांबावर हस्त, हस्तावर तुळई, तुळईवर आडव्या शिळा, आणि घुमटासाठी एकावर एक पुढे सरकवीत नेलेली वर्तुळे. वजन सरळ खाली जाते. चुना नाही, दगड दगडाच्या भाराने आणि खाचेत बसलेल्या कुसवाने जागेवर राहतो. ही रचना आपल्या भाराने उडत नाही, पण पाया एका अंगाने खचला, सांध्यात पिंपळाचे मूळ शिरले किंवा वर वीज पडली, की एकेक दगड आपला आधार सोडतो. म्हणून गॉथिक चर्चची चिंता वर पाहून करावी लागते, तर देवळाची प्रथम खाली, जमिनीतील ओल आणि पाण्याचा निचरा पाहून.

फ्रान्समध्ये एकोणिसाव्या शतकात व्हिओले-ल-द्युक या वास्तुतज्ज्ञाने नोत्र दामचा जीर्णोद्धार केला. त्याचे मत असे, की वास्तू पूर्णावस्थेत आणावी, मग ती पूर्णावस्था पूर्वी कोणत्याही एका क्षणी अस्तित्वात नसली तरी चालेल. जुना मनोरा अठराव्या शतकाच्या अखेरीस उतरविला गेला होता. त्याने आपल्या कल्पनेने नवा, अधिक उंच मनोरा १८५९ साली चढविला. इंग्लंडात रस्किनने याच सुमारास असा जीर्णोद्धार म्हणजे वास्तूचा नाशच होय असे प्रतिपादन केले, आणि विल्यम मॉरिसने १८७७ साली प्राचीन इमारतींच्या रक्षणासाठी संस्था काढली: गळते छप्पर वेळीच शाकारा, पडती भिंत टेकू देऊन धरा, पण जुन्याच्या जागी जुन्यासारखे नवे करू नका. पुढे जॉन मार्शल यांनी १९२३ साली आपल्या पुरातत्त्व खात्यासाठी संरक्षणाची नियमपुस्तिका लिहिली ती बव्हंशी याच विचाराची. १५ एप्रिल २०१९ रोजी नोत्र दामचे लाकडी आढे जळाले, मनोरा छत फोडून आत कोसळला, आणि वाद पुन्हा उफाळला. नव्या काचेचा मनोरा करावा असेही सुचविणारे निघाले. अखेर व्हिओले-ल-द्युकचाच मनोरा, त्याच लाकडात आणि शिशात, पुन्हा उभा करण्यात आला, आणि डिसेंबर २०२४ मध्ये चर्च उघडले. एके काळी ज्याला अस्सलपणाचा अपराध म्हटले गेले तोच दीडशे वर्षांनी जपण्याजोगा वारसा ठरला, ही या कथेतील गंमत आहे.

आमची परंपरा मॉरिसच्या जवळची नाही, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. अग्निपुराणात जीर्णोद्धाराचा स्वतंत्र विचार आहे, आणि त्याप्रमाणे भंगलेली मूर्ती विसर्जित करून नवी स्थापन करणे हे पुण्यकर्म आहे. अहिल्याबाई होळकरांनी काशीपासून वेरूळपर्यंत जे केले ते याच भावनेने, आणि त्यांना कोणी दोष देणार नाही. पूजेत असलेले देऊळ संग्रहालय नव्हे. तेथे दिवा लागतो, तेल सांडते, नारळ फुटतो, आणि ते तसेच असावे. आमचा आक्षेप जीर्णोद्धारास नाही. अहिल्याबाईंचा गवंडी दगडाशी दगडाच्या भाषेत बोलत असे. आजचा ठेकेदार सिमेंट, तैलरंग आणि फरशी या तीनच भाषा जाणतो.

सिमेंटचे उदाहरण घेऊ. सांध्यात सिमेंट भरले म्हणजे पाणी आत जावयाचे थांबले असा समज आहे. सिमेंट दगडाशी एकजीव होत नाही. उन्हाने व थंडीने दोन्ही वेगवेगळ्या प्रमाणात फुगतात-आकसतात, बारीक चीर पडते, तीतून पाणी आत जाते आणि बाहेर निघण्याची वाट त्यास राहत नाही. ते क्षार घेऊन दगडाच्या पृष्ठाकडे येते आणि वरचा पापुद्रा, म्हणजे नेमके कोरीव काम, सुटून पडते. तैलरंगाचेही तेच. रंग खरवडण्यासाठी वाळूचा फवारा मारणे ही त्याहून मोठी आपत्ती. तमिळनाडूतील देवळांत या फवाऱ्याने कोरीव लेख बोथट होऊ लागले तेव्हा त्यावर बंदी घालण्याची वेळ आली. जैनथच्या लेखाची अक्षरे एकदा अशी झिजली तर कोणताही जीर्णोद्धार ती परत आणू शकणार नाही.

दुसऱ्या टोकाचा धोका शेजारीच पाहावयास मिळतो. गडचिरोली जिल्ह्यात वैनगंगेच्या काठी मार्कंडा येथील देवळांचा समूह आहे. कनिंगहॅम यांनी १८७० च्या दशकात त्याचे वर्णन करून त्याची गणना श्रेष्ठ वास्तूंत केली. त्यांच्याही पूर्वी मुख्य देवळावर वीज पडून शिखराचा भाग मंडपावर कोसळला होता आणि एका गोंड राजाने ओबडधोबड आधार देऊन उरलेले सावरले होते. ते ओबडधोबड टेकू कलादृष्ट्या कोणास आवडत नाहीत, पण दोन शतके त्यांनी छत धरून ठेवले. मॉरिसला तो राजा आवडला असता. अलीकडे पुरातत्त्व सर्वेक्षणाने शिखराचे दगड उतरवून ते पुन्हा रचण्याचे काम घेतले. ते वर्षानुवर्षे रेंगाळले, आणि भाविकांचा संताप अनावर झाला. हनमकोंड्याच्या सहस्रस्तंभ मंदिराचा कल्याणमंडप २००६ साली पाया सुधारण्यासाठी उकलला गेला, तो मार्च २०२४ मध्ये, म्हणजे अठरा वर्षांनी, पुन्हा उभा राहून खुला झाला. काम शास्त्रशुद्ध झाले. पण त्या काळात जन्मलेली मुले मंडप न पाहताच मतदानाच्या वयाची झाली. उकलणे हा शेवटचा उपाय होय, आणि तो करणाऱ्याने प्रत्येक दगडास क्रमांक देऊन, आराखडा काढून, पैशाची तजवीज आधी करूनच करावा.

तेलंगण राज्याने २०१७ साली वारसारक्षणाचा स्वतंत्र कायदा केला आहे, तेव्हा नियमांची उणीव आहे असे म्हणता येत नाही. गावपातळीवर मात्र कायद्यापेक्षा देवस्थानच्या विश्वस्तांची समजूत अधिक काम करते, आणि ती समजूत त्यांना मिळणाऱ्या माहितीवर अवलंबून असते. देऊळ कोणा अज्ञात पल्लवाचे आहे असे वाचणाऱ्या विश्वस्तास भिंतीवरील शिळा हा एक जुना दगड वाटतो. त्यावर तेल-शेंदूर चढला काय, पुढे फरशी आली काय, सारखेच. तीच शिळा पद्मावतीचे दानपत्र आहे आणि भोजराजाच्या पुतण्याचा या मुलखातील एकमेव जाहीरनामा आहे, हे कळलेला माणूस तिच्यासमोर रंगाचा डबा घेऊन उभा राहणार नाही, अशी आमची समजूत आहे.

म्हणून जैनथपुरते जे करावयाचे ते खर्चाचे नाही. लेखाचे नव्याने ठसे व छायाचित्रे घेऊन त्यांची एक प्रत देवस्थानकडे आणि एक जिल्हा ग्रंथालयात ठेवावी. शिळेस तेल, पाणी आणि चुना लागणार नाही अशी साधी आडकाठी करावी. पूर्वेच्या बाजूस किरणाच्या मार्गात बांधकाम होणार नाही असा ठराव विश्वस्तांनी आणि ग्रामपंचायतीने मिळून करावा. जोत्याभोवतीचे पाणी वाहून जाण्यास चर ठेवावा आणि सांध्यांतील रोपे दर पावसाळ्यानंतर, मुळे ओढून दगड न हलविता, कापावीत. राहिली माहितीची पाटी. ती तेलुगूत, मराठीत आणि गोंडीत असावी. तिच्यावर जगद्देव, लोलार्क आणि पद्मावती ही तीन नावे असावीत, लेख संस्कृतात आहे हे असावे, आणि निंबादित्याचे मंदिर हेच का याविषयी अभ्यासकांत अद्याप निर्णय व्हावयाचा आहे, हेही असावे. मराठी मजकूर लिहून देण्यास आम्ही तयार आहोत. तेलुगूसाठी आमचे सहकारी मित्र तयार आहेत. गोंडीसाठी उटनूरकडील शिक्षकांशी बोलणे चालू आहे.